फिडलवादक योसेफ योआखिम

सारंगी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. डाव्या हाताची बोटे तारांवर आणि उजव्या हातात गज. गज तारांवरून ओढला की सूर निघतो. साहेबाच्या मुलखातही असेच एक वाद्य आहे. त्याचे नाव व्हायोलिन. आपल्याकडे कोणी त्याला फिडल असेही म्हणतात. सारंगी मांडीवर उभी धरतात. फिडल मात्र खांद्यावर आडवे ठेवून हनुवटीखाली धरतात. त्याची लांबी सुमारे दोन फूट. लाकूड पातळ आणि पोट पोकळ. वर चार तारा. आम्ही ज्या काळाची गोष्ट सांगणार आहोत, त्या काळी या तारा मेंढीच्या आतड्याच्या असत. त्याला आपण तात म्हणतो. गजाला घोड्याच्या शेपटीचे केस ताणून लावलेले असतात. त्या केसांना राळ घासली म्हणजे केस तारेला धरतात आणि तार बोलू लागते.

वाद्य दिसायला लहान, पण फार हट्टी. पेटीला पट्ट्या असतात. पट्टी दाबली आणि भाता हलवला की ठरलेला सूर हमखास निघतो. फिडलला पट्टी नाही, खूण नाही. बोट गव्हाच्या दाण्याएवढे इकडचे तिकडे झाले की सूर बिघडला. गज जरा जास्त दाबला तर तार करवतीसारखी ओरडते, कमी दाबला तर शीळ घालते. म्हणून हे वाद्य शिकायला वर्षे लागतात.

या वाद्यावर आपला सारा जन्म घालवणाऱ्या एका माणसाची हकिगत आम्ही आज सांगणार आहोत. त्याचे नाव योसेफ योआखिम. जर्मनी देशात त्याने नाव काढले, म्हणून लोक त्याला जर्मन म्हणतात. जन्म मात्र त्याचा हंगेरीच्या राज्यातला.

लोकरीच्या व्यापाऱ्याचे पोर

किट्‌झे नावाचे एक गाव आहे. आज ते ऑस्ट्रिया देशात मोडते. त्या वेळी ते हंगेरीत होते. तेथे २८ जून १८३१ रोजी योसेफचा जन्म झाला. आईबापांना आठ मुले. त्यांत हा सातवा. बाप लोकरीचा व्यापार करी. घर खाऊनपिऊन सुखी होते, पण श्रीमंत नव्हते.

हे घराणे ज्यू धर्माचे होते. कोकणात शनवार तेली म्हणून जे बेने इस्राएल लोक ओळखले जातात, त्यांचा जो धर्म तोच. त्या वेळी युरोपातल्या पुष्कळ राज्यांत ज्यू लोकांना खालच्या दर्जाने वागवत. कुठे त्यांना घर घेऊ देत नसत, कुठे सरकारी नोकरी देत नसत. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचा संबंध येणार आहे.

योसेफ दोन वर्षांचा असताना बाप मुलाबाळांना घेऊन पेस्ट शहरी राहायला गेला. हंगेरीची राजधानी बुडापेस्ट तुम्ही नकाशात पाहाल, तिचा एक भाग म्हणजे हे पेस्ट. घरात थोरल्या बहिणीला गाण्याची आवड. ती गाऊ लागली की हे पोर जवळ येऊन बसे. बापाने जत्रेतून त्याला एक खेळण्यातले फिडल आणून दिले, असे सांगतात. खेळणे ते. दुसऱ्या मुलाने चार दिवसांत मोडून टाकले असते. याने त्यावर सूर शोधायला सुरुवात केली.

मग बापाने खरे फिडल घेतले आणि चांगला शिक्षक पाहिला. पेस्टच्या नाटकगृहात वादकांचा जो ताफा होता, त्याचा म्होरक्या सेर्वाचिन्स्की नावाचा पोलिश गृहस्थ होता. तो शिकवू लागला. १७ मार्च १८३९ रोजी गुरू आणि चेला दोघे मिळून लोकांपुढे वाजवायला उभे राहिले. चेल्याचे वय सात वर्षे.

“याचा हात बिघडला आहे”

एवढे गुणी पोर, तेव्हा त्याला आणखी मोठ्या शहरी पाठवायचे ठरले. व्हिएन्ना शहरात त्याचे आजोबा राहत. तेथे हेल्मेसबेर्गर नावाचे नामांकित शिक्षक होते. योसेफ त्यांच्या हाताखाली गेला. काही महिने शिकला. आणि मग त्या शिक्षकांनी एक दिवस सांगून टाकले, “याच्या उजव्या हाताचं मनगट आखडलेलं आहे. गज नीट चालत नाही. यातून मोठा वादक होणं नाही.”

मंडळी, ही गोष्ट नीट समजून घेऊ. फिडल वाजवताना डावा हात सूर शोधतो, पण सुरात जीव ओततो तो उजवा हात. मनगट सैल हवे. ताक घुसळणाऱ्या बाईचे हात पाहा. हात आखडून ओढले तर दोरी अडखळते आणि लोणीही निघत नाही. तसेच गजाचे. मनगट ताठ असले तर सूर खरखरतो, तुटतो. मोठ्या गुरूने असे सांगितले म्हणजे आईबापांची काय अवस्था झाली असेल! पोराला घरी न्यावे, दुसऱ्या धंद्याला लावावे, असा विचार सुरू झाला.

त्याच दिवसांत एर्न्स्ट नावाचा एक फार मोठा फिडलवादक व्हिएन्नाला आला होता. त्याच्या बोटांची करामत पाहायला माणसे गर्दी करत. योसेफची हकिगत त्याच्या कानावर घातली गेली. त्याने सांगितले, “पोराला योसेफ ब्योम यांच्याकडे न्या. तो माझाही गुरू.”

ब्योम गुरुजींनी मुलाला आपल्या घरीच ठेवून घेतले. सुमारे तीन वर्षे योसेफ त्या घरात राहिला. आपल्याकडे गवई जसा शिष्याला घरी ठेवतो, तसेच हे. गुरुजींना स्वतःचे मूल नव्हते. गुरुजींची बायको फिडल वाजवत नसे, पण तिचा कान तयार होता. मुलगा रियाझ करत असला की ती लक्ष ठेवी. चुकले की पुन्हा कर म्हणे. गुरुजींनी मनगट हळूहळू सैल करून घेतले. जो हात बिघडला म्हणून एकाने टाकून दिला, त्याच हाताच्या गजाची वाखाणणी पुढे साऱ्या युरोपाने केली. पहिले शिक्षक काही अडाणी नव्हते, बरं का. त्यांचे स्वतःचे मुलगेही उत्तम वादक झाले. पण शहाण्या माणसाचाही अंदाज चुकतो, आणि पोराचे नशीब की चूक वेळेवर उमगली.

हे ब्योम गुरुजी मोठ्या परंपरेतले. थोर संगीतकार बेटोफन याच्या डोळ्यांदेखत त्यांनी त्याच्या रचना वाजवल्या होत्या. बेटोफन तेव्हा बहिरा झालेला होता. त्याला ऐकू येत नसे. तो वादकांच्या गजांकडे नजर लावून बसे आणि गज कसा फिरतो यावरून चूक ओळखी. असल्या गुरूच्या घरात योसेफ वाढला.

लंडनची परीक्षा

१८४३ साली योसेफ बारा वर्षांचा झाला. त्याची एक चुलत बहीण लाइप्‌झिग या जर्मन शहरात दिली होती. तिने त्याला तिकडे बोलावून घेतले. लाइप्‌झिगला त्याच साली मेंडेलसोन यांनी संगीताची मोठी शाळा काढली होती. मेंडेलसोन हे त्या काळचे फार नावाजलेले संगीतकार. त्यांनी योसेफची परीक्षा घेतली. स्वतः पियानोवर बसले, याला वाजवायला लावले. मग ते म्हणाले, याला फिडल शिकायला शाळेत घालण्याची गरज नाही. अधूनमधून डाविड मास्तरांपुढे वाजवून दाखवले तरी पुरे. पण पुढचे त्यांनी जे सांगितले ते आम्हाला फार मोलाचे वाटते. त्यांनी सांगितले की, या मुलाला आता चांगले लिहायला-वाचायला शिकवा. इतिहास, भाषा, भूगोल सगळे शिकू द्या. नुसते फिडल येणारा माणूस अर्धाच राहतो.

तसा घरी शिक्षक लावला. दर रविवारी मेंडेलसोन मुलाला जवळ बसवून घेत, त्याच्याबरोबर वाजवत आणि चुका दाखवत.

दुसऱ्या वर्षी योसेफ लंडनला गेला. तेथे फिलहार्मोनिक सोसायटी नावाची बडी संस्था होती. तिचा नियम असा की, लहान मुलांना आपल्या जलशात वाजवू द्यायचे नाही. लोकांनी कौतुकाने टाळ्या पिटाव्यात म्हणून आईबाप लहानग्यांना नाचवतात, तसला तमाशा तिला नको होता. नियम वाईट नव्हता. पण योसेफसाठी तो बाजूला ठेवला गेला.

२७ मे १८४४ रोजी जलसा झाला. मेंडेलसोन वादकांच्या ताफ्यापुढे उभे. योसेफने बेटोफनची एक मोठी रचना वाजवायला घेतली. ती १८०६ सालची. एकटे फिडल एका बाजूला आणि सारा ताफा दुसऱ्या बाजूला, अशी तिची मांडणी. वाजवायला पाऊण तास लागतो. बेटोफन मरून सतरा वर्षे झाली होती. ही रचना लांबलचक आहे, तिच्यात फिडलला करामत दाखवायला जागा नाही, असे म्हणून मोठमोठे वादक ती टाळत. आणि तेरावे वर्ष संपायला महिना उरलेला हा पोरगा ती वाजवू लागला. लोक स्तब्ध होऊन ऐकत राहिले. संपल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. मेंडेलसोननी आनंदाने त्याच्या घरी पत्र लिहून सगळी हकिगत कळवली.

त्या दिवसापासून त्या रचनेचे नशीब पालटले. योआखिम ती जन्मभर वाजवत राहिला. आज जगातला प्रत्येक फिडलवादक ती शिकतो.

पुढे तीनच वर्षांनी, नोव्हेंबर १८४७ मध्ये, मेंडेलसोन वारले. वय अवघे अडतीस. योसेफ सोळा वर्षांचा होता. त्याला दुसऱ्यांदा पोरके झाल्यासारखे वाटले असावे. घर तर त्याने आठव्या वर्षीच सोडले होते.

अंध राजा आणि नवा मित्र

आता पोर मोठे झाले. तेव्हा यापुढे आम्हीही त्यांना अहो-जाहो करू.

जर्मनी तेव्हा एक देश नव्हता. आपल्याकडे जशी संस्थाने होती, तशी तिकडेही लहानमोठी राज्ये होती. प्रत्येक राजाच्या पदरी वादकांचा ताफा असे. योआखिम आधी वाइमार येथे लिस्ट या नामवंत पियानोवादकाच्या हाताखाली राहिले. पुढे दोघांचे पटले नाही. लिस्टचे नवे संगीत आपल्याला मुळीच मानवत नाही, असे योआखिमनी त्याला पत्राने स्पष्ट कळवले. पत्र कडक होते, पण ते पाठीमागे बोलले नाहीत, हे त्यातले बरे.

१८५३ पासून ते हानोव्हरच्या राजाकडे चाकरीला लागले. राजा पाचवा जॉर्ज डोळ्यांनी अंध होता. संगीत हेच त्याचे सुख. त्याने योआखिमना चांगला पगार दिला आणि उन्हाळ्यात रजा दिली.

त्याच वर्षी हानोव्हरला एक वीस वर्षांचा तरुण त्यांना भेटायला आला. अंगाने शिडशिडीत, केस लांब, बोलायला बुजरा. नाव योहानेस ब्राम्स. हाम्बुर्ग शहरात त्याचा बाप नाचगाण्याच्या ठिकाणी वाद्ये वाजवून पोट भरी. पोराने स्वतः केलेल्या रचना पियानोवर वाजवून दाखवल्या. योआखिम चकित झाले. ते स्वतः त्या वेळी एकवीस वर्षांचे, पण नावारूपाला आलेले. हा मुलगा आपल्यापेक्षा मोठा होणार, हे त्यांनी ओळखले. आणि ओळखून गप्प बसले नाहीत. त्यांनी त्याला थोर संगीतकार शुमान यांच्याकडे जायला सांगितले. शुमाननी त्याचे वादन ऐकून वर्तमानपत्रात लेख लिहिला आणि ब्राम्सचे नाव एका महिन्यात जर्मनीभर झाले.

याच सुमाराची एक गंमत सांगतो. योआखिम आपल्याविषयी तीन शब्द म्हणत. त्यांचा अर्थ, ‘मोकळा पण एकटा’. जर्मन भाषेत त्या तीन शब्दांची पहिली अक्षरे घेतली तर सुरांची नावे होतात. मग शुमान, ब्राम्स आणि डीट्रिख नावाचा आणखी एक मित्र अशा तिघांनी त्या तीन सुरांवरून एक रचना वाटून घेतली. कोणी कुठला भाग केला ते लिहिले नाही. योआखिम आल्यावर त्यांच्यापुढे कागद ठेवले आणि म्हणाले, वाजवा आणि ओळखा. योआखिमनी वाजवले आणि सगळे भाग बरोबर ओळखले.

ती मौज फार दिवस टिकली नाही. पुढच्या फेब्रुवारीत शुमानना वेड लागले. त्यांनी ऱ्हाईन नदीत उडी टाकली. लोकांनी बाहेर काढले, पण दोन वर्षांनी ते वेड्यांच्या इस्पितळात वारले. मागे बायको क्लारा आणि सात मुले. क्लारा स्वतः मोठी पियानोवादक होती. जलसे करून तिने मुले वाढवली. योआखिम वर्षानुवर्षे तिच्या जोडीला जाऊन वाजवत राहिले. ब्राम्सनेही तिला अंतर दिले नाही.

ग्र्यून यांचे प्रकरण

योआखिमनी १८५५ साली ख्रिस्ती धर्म घेतला होता. त्या काळी पुष्कळ शिकलेले ज्यू लोक तसे करत. कोणी श्रद्धेने करी, कोणी दारे उघडावीत म्हणून करी. १८६३ साली त्यांनी आमाली नावाच्या गायिकेशी लग्न केले. ती नाटकात गात असे. लग्नानंतर तिने नाटक सोडले, पण जलशांतून गाणे चालू ठेवले. तिचा आवाज खर्जातला, घुमारेदार. संसार चांगला चालला होता. नोकरी चांगली, राजाची मर्जी चांगली.

हानोव्हरच्या ताफ्यात याकोब ग्र्यून नावाचे एक फिडलवादक होते. त्यांना योआखिमनीच आणले होते. ग्र्यून यांचे काम चोख. त्यांना बढती देऊन कायमच्या जागेवर घ्यावे, अशी योआखिमनी शिफारस केली. वरच्या अधिकाऱ्याने नकार दिला. कारण काय? ग्र्यून ज्यू आहेत, म्हणून.

योआखिमनी त्या अधिकाऱ्याला पत्र लिहिले. त्याचा मतलब असा: ग्र्यून यांना जागा नाकारल्यावरही मी येथेच राहिलो, तर एक सल माझ्या मनातून कधी जाणार नाही. मी धर्म बदलला म्हणून मला येथे मान आणि पैसा मिळाला. ज्यांनी बदलला नाही, त्यांना मात्र अपमान सोसावा लागतो.

हे पत्र आम्हाला त्यांच्या वादनाहून कमी वाटत नाही. त्यांना गप्प राहता आले असते. त्यांचे कोणी काही वाकडे करत नव्हते. ते आता ख्रिस्ती होते, राजाचे लाडके होते, घरी बायको आणि तान्हे मूल होते. तरी १८६५ साली त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. ग्र्यून पुढे व्हिएन्नाला गेले. तेथील दरबारी नाटकगृहात ते वादकांचे म्होरके झाले आणि त्यांच्या हाताखाली नामांकित शिष्य तयार झाले.

१८६६ साली प्रशिया या मोठ्या जर्मन राज्याने हानोव्हर जिंकून आपल्यात सामील केले. अंध राजा परदेशी गेला. त्याचे राज्य संपले.

बर्लिनची शाळा

प्रशियाची राजधानी बर्लिन. योआखिम १८६८ साली तेथे राहायला गेले आणि दुसऱ्याच वर्षी सरकारने काढलेल्या संगीत विद्यालयाचे प्रमुख झाले. मरेपर्यंत, म्हणजे अडतीस वर्षे, ते या कामात होते. देशोदेशीची मुले त्यांच्याकडे येत. हंगेरीतून येत, रशियातून येत, इंग्लंड-अमेरिकेतून येत. मुलीही येत. बाईने फिडल वाजवणे त्या वेळी पुष्कळांना विचित्र वाटे, पण योआखिमच्या हाताखाली शिकलेल्या कित्येक मुली पुढे जलशांतून वाजवू लागल्या.

ते फारसे बोलून शिकवत नसत. शिष्य चुकला की आपले फिडल उचलून तोच भाग वाजवत आणि म्हणत, असे हवे. ज्याला समजले त्याला समजले. लेओपोल्ड आउअर हे त्यांचे शिष्य. ते लिहून गेले आहेत की, ज्यांना इशारा कळे त्यांचे भले होई, बाकीचे जिथल्या तिथे राहत. आउअर पुढे रशियात गेले आणि त्यांच्या हाताखाली हायफेट्‌झसारखा जगप्रसिद्ध वादक तयार झाला. आपल्या गवयांची जशी घराणी असतात, तसे हे घराणे समजा.

याशिवाय त्यांनी चौघांचा एक मेळ काढला. दोन फिडले, एक त्याहून जरा मोठे, आणि एक गुडघ्यांत धरून वाजवायचे चेलो. चौघांनी समोरासमोर बसून वाजवायचे. कोणी म्होरक्या हात हलवायला नाही. एकमेकांचा श्वास ओळखून चालायचे. हा मेळ १८६९ पासून त्यांच्या अखेरीपर्यंत चालला. माणसे बदलली, योआखिम तेच राहिले.

दोस्ती तुटली

ब्राम्स आता फार मोठे संगीतकार झाले होते. पण ते पियानोवाले. फिडलच्या खाचाखोचा त्यांना ठाऊक नव्हत्या. १८७८ च्या उन्हाळ्यात त्यांनी फिडलसाठी एक मोठी रचना लिहिली आणि कागद मित्राकडे पाठवले. कुठे कठीण आहे, कुठे हाताला अडचण होते, कुठे वाजवणेच अशक्य आहे, ते खुणा करून सांग, म्हणून विनंती केली. योआखिमनी सांगितले. ब्राम्सनी काही ऐकले, काही ऐकले नाही. १ जानेवारी १८७९ रोजी लाइप्‌झिगला ती रचना पहिल्यांदा वाजली. फिडल योआखिमचे, ताफ्यापुढे ब्राम्स उभे. रचना अर्पण केली होती योआखिमनाच.

आणि याच दिवसांत घरात विस्तव पडला होता.

योआखिमना आमालीचा संशय येऊ लागला. सिमरॉक नावाचे गृहस्थ ब्राम्सच्या रचना छापत. त्यांचे घरी येणे-जाणे होते. तिचे त्यांच्याशी संबंध आहेत, असे योआखिमच्या मनाने घेतले. सहा मुलांची आई ती. तिने परोपरीने सांगितले, पण नवऱ्याला पटेना. संशय हा असा रोग आहे की, जे पाहावे त्यात त्याला पुरावा दिसतो.

ब्राम्सना दोघेही जवळचे. ते काय करणार? त्यांनी १८८० साली आमालीला एक लांब पत्र लिहिले. तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. योआखिमना स्वतःला आणि दुसऱ्याला उगाच छळण्याची खोड आहे, ती मी फार वर्षे पाहतो आहे, असा त्याचा आशय. पत्र खाजगी होते, धीर देण्यासाठी होते.

पुढे योआखिमनी काडीमोडासाठी कोर्टात दावा लावला. आमालीने आपल्या बचावासाठी ते पत्र कोर्टापुढे ठेवले. पत्र वाचले गेले. नवऱ्याच्या सर्वांत जुन्या मित्राने बायकोची बाजू घेतलेली पाहून तिचे पारडे जड झाले. योआखिमच्या काळजाला घर पडले. तीस वर्षांची दोस्ती तुटली.

येथे दोष कोणाचा? आम्हाला तर योआखिमचाच दिसतो. ज्या माणसाने ग्र्यूनसाठी आपली भाकरी सोडली, त्याला आपल्या बायकोला न्याय देता आला नाही. एकाच माणसात या दोन्ही गोष्टी होत्या. त्या आम्ही झाकून ठेवत नाही. मात्र एक सांगितले पाहिजे. बोलणे बंद असतानाही योआखिमनी ब्राम्सचे संगीत वाजवणे बंद केले नाही. माणसावर राग होता, सुरांवर नव्हता.

दोन वाद्यांचे बोलणे

१८८७ चा उन्हाळा. ब्राम्स स्वित्झर्लंडात तून या गावी तळ्याकाठी राहत होते. तेथे त्यांनी एक नवी रचना केली. तिच्यात फिडल आणि चेलो अशी दोन वाद्ये पुढे, आणि ताफा मागे. चेलोसाठी हाउसमान नावाचा वादक मनात धरला होता. तो योआखिमच्याच मेळातला. फिडल कोणाचे, हे सांगायला नकोच.

ब्राम्सनी बिचकत पत्र धाडले. मी असे असे काही केले आहे. तुम्हाला रस नसेल तर एवढेच कळवा, मी पुढे काही म्हणणार नाही. योआखिमनी कागद मागवले. सप्टेंबरात बाडेन-बाडेन येथे क्लारा शुमान यांच्या समोर तालीम झाली. क्लाराबाई तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या. त्यांनी आपल्या रोजनिशीत लिहिले की, ही रचना म्हणजे समेट आहे. किती वर्षांनी ते दोघे आज एकमेकांशी बोलले.

१८ ऑक्टोबर १८८७ रोजी कोलोन शहरात ती लोकांपुढे वाजली. सुरुवातीला ताफा थोडे वाजवून थांबतो. मग चेलो एकटाच बोलू लागतो, जड आवाजात, जणू मनातले सगळे सांगून टाकतो. नंतर फिडल हळूच त्याला उत्तर देते. थोडा वेळ आळीपाळीने चालते. मग दोघे एकमेकांत मिसळतात.

पूर्वीचे सगळे जसेच्या तसे परत आले नाही. आमाली आणि योआखिम वेगळेच राहिले. ती १८९९ साली वारली. पण ब्राम्स आणि योआखिम पुन्हा भेटू लागले, पत्रे लिहू लागले. १८९७ साली ब्राम्स गेले.

तबकडीतला सूर

म्हातारपणी योआखिमना मान पुष्कळ मिळाला. केंब्रिजच्या विद्यापीठाने त्यांना आधीच, १८७७ साली, डॉक्टर पदवी दिली होती. इंग्लंडला ते दर वर्षी जात. १९०४ साली लंडनच्या लोकांनी त्यांच्या तेथील पहिल्या मोठ्या जलशाला साठ वर्षे झाली म्हणून सोहळा केला आणि सार्जंट या चित्रकाराने काढलेली त्यांची तसबीर त्यांना भेट दिली.

१९०३ साली ग्रामोफोनवाले त्यांच्याकडे आले. हे यंत्र तेव्हा नवे होते. एका मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहून वाजवायचे, आणि सूर तबकडीवर कोरला जायचा. योआखिमचे वय बहात्तर. बोटे सांधेदुखीने जड झालेली. तरी ते उभे राहिले. बाख या जुन्या संगीतकाराचे दोन तुकडे, ब्राम्सची दोन हंगेरियन नृत्ये आणि स्वतःची एक छोटी रचना असे पाच तुकडे त्यांनी वाजवले. चार वर्षांनी, १५ ऑगस्ट १९०७ रोजी, बर्लिनला त्यांचे निधन झाले.

त्या पाच तबकड्यांतला आवाज आजही ऐकता येतो. आम्ही तो ऐकला आहे. खरखर फार आहे. पत्र्यावर पाऊस पडावा तशी. पहिल्यांदा काहीच कळत नाही. जरा कान लावून बसले की त्या पावसाआडून फिडल ऐकू येते. हंगेरियन नृत्यात गज एकदम झपाट्याने खाली येतो, पुन्हा वर जातो, आणि मनगट कुठेही अडखळत नाही.